बाटलीवर द्राक्षाचं नाव का नसतं? इटलीच्या रेड वाईन वाचायच्या आणि चाखायच्या कशा?

बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'बारोलो'. खाली उत्पादकाचं नाव, द्राक्षं तोडल्याचं वर्ष आणि एखाद्या जुन्या वाड्याचं चित्र. पण ही वाईन कोणत्या द्राक्षाची आहे, हलकी आहे की जड, आज उघडायची की अजून पाच वर्षं ठेवायची, यातलं काहीच नाही.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका किंवा भारतातल्या बाटलीवर शिराझ, कॅबर्ने सोव्हिनियॉं असं द्राक्षाचं नाव लिहिलेलं असतं. इटलीच्या अनेक नावाजलेल्या बाटल्यांवर ते नसतं. कारण बारोलो हे एका गावाचं नाव आहे. ती वाईन नेब्बिओलो नावाच्या द्राक्षाची असते, पण हे ग्राहकाला माहीत असणारच असं गृहीत धरलेलं असतं.

आंब्याच्या पेटीवर फक्त 'देवगड' लिहिलेलं असलं, तरी आत हापूस आहे हे आपल्याला कळतं. कोकणातला कातळ, समुद्राची हवा, फळाचा वास आणि जास्तीचा भाव, सगळं त्या एका शब्दात येतं. म्हणूनच दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला की आपण फसवणूक झाली असं म्हणतो. इटलीत वाईनच्या नावाचं नेमकं हेच आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं होतं.

नावाआड नेमकं काय असतं?

इटलीत 20 प्रांत आहेत आणि विसांच्या विसांत वाईन तयार होते. स्थानिक द्राक्षांच्या जाती शेकडो आहेत. त्यातल्या बऱ्याच जाती आपल्या मूळ भागाबाहेर फारशा लावल्याच जात नाहीत. त्यामुळे 'इटालियन रेड वाईन' अशी कोणती एक चव नाही. उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याशी तयार होणारी वाईन आणि दक्षिणेला सिसिलीत तयार होणारी वाईन यांच्यात इतकं अंतर आहे की त्यांना एका नावाखाली आणणंच कठीण.

नावाला हद्द घालण्याची कल्पना इथे जुनी आहे. 1716 साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा दे मेदिची याने फर्मान काढून कियांतीसह चार भागांच्या सीमा ठरवून दिल्या. या हद्दीत पिकलेल्या वाईनलाच ते नाव लावता येईल, असा त्याचा अर्थ होता.

आजची पद्धत मात्र 1963 च्या कायद्याने सुरू झाली. बाटलीवर जी अक्षरं दिसतात ती त्यातून आली.

- डीओसी : ठरलेली हद्द, ठरलेल्या जाती, एकरी किती पीक घ्यायचं आणि वाईन किती काळ मुरवायची याचे नियम.
- डीओसीजी : हेच नियम आणखी कडक. बाजारात जाण्याआधी वाईनची तपासणी होते आणि बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी चिकटवली जाते. 1980 साली बारोलो, बार्बारेस्को, ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो अशा मोजक्या वाईनना हा दर्जा पहिल्यांदा मिळाला.
- आयजीटी : हद्द मोठी, नियम सैल. ही श्रेणी 1992 च्या कायद्याने आली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डीओसीजी म्हणजे 'चव उत्तम' असं नाही. वाईन कुठून आली आणि कोणत्या नियमाने तयार झाली, एवढीच ही हमी आहे. डीओसीजी असूनही बेचव निघालेली बाटली मिळू शकते आणि आयजीटी लिहिलेली बाटली कित्येक पट महाग असू शकते. असं का, ते टस्कनीत गेल्यावर कळेल.

1986 मध्ये काय घडलं?

नावावरचा विश्वास किती महत्त्वाचा असतो, हे इटलीला मार्च 1986 मध्ये समजलं. उत्तर इटलीत स्वस्त वाईन पिऊन लोक मरू लागले. काहींची दृष्टी गेली. वाईनमधलं अल्कोहोलचं प्रमाण फुगवण्यासाठी त्यात मिथेनॉल मिसळण्यात आलं होतं. विषारी दारूच्या बातम्यांत आपण ज्याचं नाव ऐकतो, तेच हे मिथेनॉल. सुमारे वीस जणांचा जीव गेला.

परदेशांनी इटालियन वाईन अडवल्या, माल परत आला, निर्यात कोसळली. ज्यांचा या भेसळीशी काही संबंध नव्हता अशा शेतकऱ्यांनाही फटका बसला. पण या धक्क्यानंतर इटलीच्या वाईन उद्योगाची दिशा बदलली. टँकर भरून स्वस्त वाईन विकण्यापेक्षा कमी पीक घ्यायचं, आपल्या गावाचं नाव लावायचं आणि चांगल्या भावाने विकायचं, याकडे कल वाढला. आज आपण ज्या बाटल्यांचं कौतुक ऐकतो, त्यातल्या कित्येकांचा प्रवास या काळानंतरचा आहे.

चाखायचं म्हणजे काय करायचं?

वाईनच्या व्हिडिओंमध्ये 'चामडं, ओली माती, व्हायोलेटची फुलं' वगैरे ऐकून दडपण येतं. ते तूर्त बाजूला ठेवा. इटलीच्या रेड वाईन समजायला तीन चवी पुरतात आणि त्या तिन्ही आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत : आंबट, तुरट आणि कडू.

आंबट. घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला पाणी सुटलं तर वाईनमध्ये आम्लता जास्त आहे. कोकम सरबत किंवा चिंचेचं सार प्यायल्यावर होतं तसं. इटलीच्या बहुतेक रेड वाईनमध्ये ही आंबट धार असते. नुसती प्यायली तर ती कधीकधी बोचते, जेवणासोबत मात्र तीच हवीशी वाटते.

तुरट. जांभूळ खाल्ल्यावर किंवा खूप उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे होतात. हे टॅनिनचं काम. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. म्हणजे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव आहे. आंबटाने पाणी सुटतं, तुरटाने तोंड सुकतं. दोन्हींत गल्लत होत असेल तर एवढाच फरक लक्षात ठेवा.

कडू. कारलं किंवा मेथीसारखं, घोटाच्या शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला राहणारं. इटलीत थोडा कडवटपणा हा दोष मानत नाहीत. अनेक वाईनची ती ओळखच आहे.

आता प्रत्यक्ष कृती :

1. ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहा. कडेला विटकरी छटा दिसली तर वाईन जुनी असू शकते किंवा द्राक्षाचीच जात तशी असते. गडद रंग म्हणजे कडक वाईन, हा समज इटलीत चालत नाही.
2. ग्लास गोल फिरवून वास घ्या. आधी एकच प्रश्न विचारा : फळाचा वास येतोय की फळाशिवायचा? चेरी, आलुबुखार, जांभूळ हे एका गटात. सुकी पानं, मसाला, तंबाखू, लाकूड हे दुसऱ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आला तर बुचामुळे वाईन खराब झाली असण्याची शक्यता आहे. हॉटेलात असाल तर निःसंकोच सांगा.
3. छोटा घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि दहापर्यंत आकडे मोजा. पाणी सुटलं की तोंड सुकलं? घशात ऊब किती आली? ती ऊब अल्कोहोलची.
4. काहीतरी खा आणि पुन्हा घोट घ्या. इटालियन वाईनचा खरा निकाल या दुसऱ्या घोटाला लागतो.

आणखी एक. 'रेड वाईन रूम टेम्परेचरला प्या' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथे तो 16 ते 18 अंश असतो. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात घरातलं तापमान त्याच्या जवळपास दुप्पट असतं. अशा वेळी वाईन उग्र आणि पसरट लागते. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा.

पिएमोंते : दिसायला फिकी, प्यायला कडक

वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. या टेकड्यांच्या द्राक्षमळ्यांना 2014 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. इथलं मानाचं द्राक्ष म्हणजे नेब्बिओलो. इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणजे धुकं. हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास तोडणीला येतं तेव्हा टेकड्यांवर धुकं उतरलेलं असतं. नाव त्यावरून पडलं असं मानतात.

नेब्बिओलोपासून बारोलो आणि बार्बारेस्को या दोन वाईन तयार होतात. ग्लासात ओतली की रंग इतका फिका दिसतो की पलीकडचा कागद दिसावा. नवख्या माणसाला वाटतं, ही तर हलकी. पहिल्या घोटाला गाल आवळले जातात. आंबटही भरपूर, तुरटही भरपूर. वास मात्र गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्यांचा आणि डांबराचा. डांबराचा वास चांगला कसा असू शकतो, हे एकदा अनुभवल्याशिवाय पटत नाही.

हा तुरटपणा निवळायला वेळ लागतो. म्हणून कायद्यानेच बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात.

पण तिथला माणूस रोज बारोलो पीत नाही. रोजच्या जेवणाला असते बार्बेरा. ती बरोबर उलटी : रंग गडद, तुरटपणा कमी, आंबटपणा जास्त. तिसरं द्राक्ष दोल्चेत्तो. नावाचा अर्थ 'छोटं गोड', पण वाईन गोड नसते. तिच्यात आंबट कमी आणि शेवटी किंचित कडवटपणा. आंबट आणि तुरट यांतला फरक जिभेला शिकवायचा असेल तर बार्बेरा आणि नेब्बिओलो शेजारी ठेवून चाखण्यासारखा दुसरा धडा नाही.

टस्कनी : एक द्राक्ष, अनेक नावं आणि दोन भांडणं

आधी उच्चार. इटालियनमध्ये 'सी' नंतर 'एच' आलं की उच्चार 'क' होतो. म्हणून 'चियांती' नव्हे, कियांती. फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्या म्हणजे मूळ कियांती. इथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. आंबट चेरीचा वास, मध्यम तुरटपणा, भरपूर आम्लता आणि सुक्या पाल्यासारखी एक छटा. टोमॅटोच्या आंबट सॉससमोर टिकणारी वाईन हवी तर हीच.

1872 साली बेत्तिनो रिकासोली यांनी कियांतीचं मिश्रण लिहून ठेवलं. हे गृहस्थ इटलीचे पंतप्रधानही होते. लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडं पांढरं द्राक्ष चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1932 मध्ये कियांतीची हद्द बरीच वाढवण्यात आली आणि मूळ भागाला 'क्लासिको' म्हणायला सुरुवात झाली. 1967 च्या नियमांनी तर लाल कियांतीत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारकच केलं. नाव मोठं झालं, वाईन पातळ झाली. गवताच्या वेष्टणातली गोल बाटली जगभर स्वस्त वाईनची खूण बनली.

पहिलं भांडण इथून सुरू होतं. काही उत्पादकांनी ठरवलं की नियम मोडू, पण वाईन चांगली करू. मारिओ इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांनी समुद्राजवळच्या बोल्गेरी इथे फ्रेंच कॅबर्ने लावली. त्यांची 'सासिकाया' 1968 च्या हंगामापासून बाजारात आली. कियांतीतल्या अंतिनोरी घराण्याने 'तिन्यानेल्लो' आणली आणि काही वर्षांतच तिच्यातून पांढरी द्राक्षं काढून टाकली. नियमात बसत नसल्यामुळे या बाटल्यांवर 'व्हीनो दा ताव्होला', म्हणजे साधी जेवणाची वाईन, असं लिहावं लागायचं. देशातल्या सगळ्यात खालच्या श्रेणीची चिठ्ठी आणि सगळ्यात वरचा भाव! जगाने त्यांना 'सुपर टस्कन' म्हणायला सुरुवात केली.

शेवटी बदलावं लागलं ते नियमांनाच. आज कियांती क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेझे लागतं आणि 2006 च्या हंगामापासून तिच्यात पांढरी द्राक्षं चालत नाहीत. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा दिसला की ती क्लासिको समजायची.

दुसरं भांडण नेमकं उलटं. कियांतीच्या दक्षिणेला मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो 100 टक्के सांजोवेझेचीच असली पाहिजे, असा नियम आहे. तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी ती विकता येत नाही. 2008 मध्ये काही उत्पादक तिच्यात दुसरी द्राक्षं मिसळत असल्याच्या संशयावरून चौकशी झाली, लाखो बाटल्या अडकल्या आणि अमेरिकेने शुद्धतेचा पुरावा मागितला. या वाईनने कुणी आजारी पडलं नव्हतं. पण पाच वर्षं थांबून आणि मोठा भाव देऊन घेतलेल्या नावात जे सांगितलं ते नसेल, तर ते नाव कशासाठी? उत्पादकांनी मतदान केलं आणि 100 टक्क्यांचा नियम कायम ठेवला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की इटलीचं कोडं उलगडतं. वाईट नियम मोडून चांगली वाईन होऊ शकते, पण ती दुसऱ्याच्या नावाने विकता येत नाही. सासिकायाने कियांतीचं नाव लावलं नव्हतं.

या दोन नावांत फसू नका

'व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो' आणि 'मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो'. दोन्हींत मोंतेपुल्चानो आहे, पण वाईन वेगळ्या. पहिलीत मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं गाव आहे आणि द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. दुसरीत मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे आणि प्रांत आहे पूर्व किनाऱ्यावरचा अब्रुत्सो. पहिली आंबट-तुरट आणि बहुधा महाग. दुसरी गडद, फळांच्या चवीची आणि सहसा स्वस्त. नव्याने सुरुवात करणाऱ्याला दुसरी जास्त सोपी जाते.

व्हेनेतो : बेदाण्यासारखी सुकवलेली द्राक्षं

ईशान्येकडे व्हेरोना शहराजवळ वाल्पोलिचेल्ला नावाचा भाग आहे. कोर्विना आणि तिच्या सोबतीच्या काही जातींपासून इथे चार वेगवेगळ्या वाईन करतात.

- साधी वाल्पोलिचेल्ला : हलकी, चेरीच्या चवीची, थोडी गार करून प्यायची.
- अमारोने : तोडलेले घड हवेशीर जागी साधारण तीन-चार महिने सुकवतात. वजन तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहून जास्त घटतं, साखर आणि रस दाट होतो. तासगाव-सांगलीकडचे बेदाण्याचे शेड पाहिलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल, फक्त इथे द्राक्षं पूर्ण सुकू देत नाहीत. मग जवळजवळ सगळ्या साखरेचं अल्कोहोल होऊ देतात. ते 15 टक्क्यांच्या वरही जातं.
- रेचोतो : तशाच सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाईन. आंबण्याची क्रिया मध्येच थांबते म्हणून साखर शिल्लक राहते. अमारोने हिच्यातूनच जन्मली. 'आमारो' म्हणजे कडू. एका पिंपातली रेचोतो विसरली गेली, तिची सगळी साखर आंबून गेली आणि गोडाची कडू वाईन झाली, अशी आख्यायिका आहे.
- रिपास्सो : अमारोने काढून उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवतात. तिला थोडं अंग येतं, भाव मात्र अमारोनेइतका चढत नाही.

अमारोनेचा पहिला घोट गोडसर भासतो. खजूर, मनुका, कोको असे वास येतात. सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते. अल्कोहोल जास्त असल्यामुळे दुसरा ग्लास भरताना विचार करावा.

दक्षिण : टँकरमधून बाटलीत

दक्षिण इटलीत ऊन भरपूर, द्राक्षं पिकायला अडचण नाही. बराच काळ इथली गडद, कडक वाईन टँकरने उत्तरेला जायची आणि तिकडच्या फिक्या वाईनला रंग आणि जोर देण्यासाठी वापरली जायची. बाटलीवर नाव दुसऱ्याचं, भाव दुसऱ्याला. म्हणून दक्षिणेतल्या शेतकऱ्यासाठी आपल्या गावाचं नाव बाटलीवर येणं हा पोटापाण्याचाही प्रश्न होता.

- पुलिया (बुटाच्या आकाराच्या इटलीची टाच) : इथलं प्रिमितिवो. नावाचा अर्थ लवकर पिकणारं. पिकलेल्या फळांची, मऊ चवीची वाईन. अमेरिकेतलं झिनफांडेल हे कॅलिफोर्नियाचं स्वतःचं द्राक्ष समजलं जायचं. डीएनए चाचणीत ते आणि प्रिमितिवो एकच निघाले आणि दोघांचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडलं.
- कांपानिया आणि बाझिलिकाता : इथलं आलियानिको. कांपानियातली ताउराझी आणि व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावरची वाईन याच द्राक्षाची. तुरट, आंबट आणि थांबायला लावणारी.
- सिसिली : नेरो दाव्होला ही गडद आणि मनमिळाऊ. पण एत्ना या जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर, काळ्या लाव्हाच्या मातीत नेरेल्लो मास्कालेझे नावाचं द्राक्ष पिकतं. काही मळे समुद्रसपाटीपासून 1000 मीटरपर्यंत आहेत. उंचीमुळे रात्री थंड असतात, म्हणून बेट उष्ण असूनही वाईन फिकी, आंबट आणि नाजूक.

जेवणासोबत काय जमतं?

नियम थोडेच आहेत. मटण, चीज अशा प्रथिनं आणि चरबी असलेल्या पदार्थासमोर तुरटपणा मऊ होतो. आंबट पदार्थासमोर वाईनही आंबटच हवी, नाहीतर ती पाणचट लागते. तिखटाने मात्र तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात.

त्यामुळे तांबड्या रश्श्यासोबत महागडी बारोलो उघडली तर दोन्हींचं नुकसान. झणझणीत जेवणाला बार्बेरा, साधी वाल्पोलिचेल्ला किंवा एमिलिया-रोमान्याची फेसाळ लाल लांब्रुस्को थोडी गार करून चालते. बारोलो किंवा ब्रुनेल्लो ठेवायची ती कमी तिखटाच्या, मंद आचेवर शिजलेल्या मटणासाठी. आणि ती जेवणाआधी तासभर उघडून, मोठ्या भांड्यात ओतून ठेवायची.

दुकानात उभे असाल तर

- क्लासिको : त्या नावाचा मूळ, जुना भाग.
- रिझेर्व्हा : नेहमीपेक्षा जास्त काळ मुरवलेली. जास्त चांगलीच असेल असं नाही, पण लाकडाची आणि जुनेपणाची चव जास्त.
- सुपेरिओरे : बहुधा अल्कोहोल थोडं जास्त आणि नियम थोडे कडक.
- 'दी' किंवा 'द' आधीचं नाव : बऱ्याचदा द्राक्षाचं, नंतरचं नाव गावाचं. बार्बेरा द'आल्बा म्हणजे आल्बा भागातलं बार्बेरा.
- सुरुवातीचा क्रम : मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो, मग बार्बेरा, मग कियांती क्लासिको, मग लांगे नेब्बिओलो. बारोलोला शेवटी हात घाला.

हा क्रम पैशांसाठीही आहे. भारतात आयात केलेल्या वाईनवर बराच काळ 150 टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे इटलीत रोजच्या जेवणाला असलेली बाटली इथे चैनीची होऊन बसली. एवढे पैसे देऊन लेबल न वाचता बाटली उचलणं परवडणारं नाही.

अकलूजचं सांजोवेझे

टस्कनीचं हे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यातही पिकतं. अकलूजजवळ भारतीय आणि इटालियन कुटुंबांनी मिळून 'फ्रातेल्ली वाईन्स' सुरू केली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. टस्कनीतले वाईनतज्ज्ञ पिएरो मासी तिच्याशी जोडले गेले. त्यांची 'सेत्ते' ही वाईन सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिनियॉं यांच्या मिश्रणाची.

शक्य असेल तर अकलूजची सांजोवेझे आणि कियांती क्लासिको एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखा. द्राक्ष तेच, पण माती, ऊन आणि रात्रीची थंडी वेगळी. दोन ग्लासांत जो फरक लागेल, त्यात जमिनीचा वाटा मोठा. म्हणूनच अकलूजची वाईन कितीही चांगली झाली तरी तिला कियांती म्हणता येणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. तिला स्वतःचं गाव आहे.

आणि आरोग्याचं काय?

'रेड वाईन हृदयाला चांगली' हे वाक्य अजूनही फिरत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. त्यामुळे औषध म्हणून वाईन सुरू करू नका. पीत नसाल तर या लेखासाठी प्यायला लागण्याचं काही कारण नाही. पीत असाल तर कायद्याने ठरवलेलं वय आणि परवान्याचे नियम पाळा, कमी प्या आणि नंतर गाडी चालवू नका.

चाखायला फार लागतही नाही. चौघांत एक बाटली, समोर जेवण आणि प्रत्येक घोटानंतर एक साधा प्रश्न : पाणी सुटलं की तोंड सुकलं? उत्तर सापडलं की बाटली फिरवून गावाचं नाव पुन्हा वाचा. आधी नुसता अवघड वाटलेला तो शब्द आता ओळखीचा वाटेल.